तपासणी कक्षातील सहायकांना संसर्ग-नियंत्रण कोणत्या क्रमाने शिकवावे?

इंदिरानगरचा दवाखाना यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकमध्ये इंदिरानगर भागात माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. दोन तपासणी कक्ष, ड्रेसिंगची एक लहान खोली आणि बाहेर बसायची जागा, एवढाच त्याचा पसारा. अलीकडे कामावर घेतलेल्या तीन सहायकांपैकी दोघींचे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे आणि तिसऱ्याने जनरल ड्युटी असिस्टंटचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. परिचर्येची नोंदणी तिघांपैकी कोणाचीही नाही, त्यामुळे इंजेक्शन देणे किंवा सलाइन लावणे ही कामे मी त्यांच्याकडे सोपवत नाही आणि सोपवणारही नाही. रुग्णाला आत घेणे, वजन, तापमान व रक्तदाब नोंदवणे, ड्रेसिंगचा ट्रे मांडणे, उपकरणे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) लावणे आणि एक रुग्ण बाहेर गेल्यावर दुसऱ्यासाठी कक्ष तयार करणे, अशी त्यांची कामे आहेत.

अडचण अशी की, मी दुपारच्या मोकळ्या वेळेत जे समजावून सांगतो, ते तिघांनाही तोंडपाठ आहे. हात कधी धुवायचे, कोणत्या रंगाच्या पिशवीत काय टाकायचे, हे विचारले तर उत्तर चुकत नाही. संध्याकाळी सातनंतर मात्र, अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटून गर्दी झाली की, हातमोजे घातलेल्या हातानेच फोन उचलला जातो, टेबलाचे रेक्झिन पुसायचे राहते आणि रक्ताळलेल्या कापसासाठीच्या पिवळ्या पिशवीत प्लास्टिक सापडते. येत्या सिंहस्थात शहरातील सर्वच दवाखान्यांवर ताण येणार हे उघड आहे, म्हणून त्याआधी ही घडी नीट बसवावी असे वाटते. प्रशिक्षणाचा क्रम कसा असावा, आणि शिकवलेले प्रत्यक्षात उतरले की नाही हे कसे तपासावे?

---

निवृत्त परिचारिका, नाशिक रोड यांचे उत्तर

डॉक्टर, आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. तिघांनाही माहिती आहे. त्यांच्याकडे वेळ नाही. एक रुग्ण उठल्यापासून दुसरा बसेपर्यंत आपल्याकडे किती वेळ जातो, हे आधी घड्याळ लावून पाहावे. मी रुग्णालयात संसर्ग-नियंत्रणाचे काम पाहत असे, तेव्हा नव्या मुलींना पहिल्या दिवशी व्याख्यान न देता रिकाम्या कक्षात नेत असे आणि ‘रुग्ण आत्ताच गेला आहे, खोली तयार करा’ एवढेच सांगून बाजूला उभी राहत असे. टेबलाचा कागद किंवा चादर काढणे, वापरलेली उपकरणे झाकणाच्या डब्यात ठेवणे, कचरा ज्याच्या त्याच्या जागी टाकणे, हातमोजे काढून हात स्वच्छ करणे, रेक्झिन, स्टूल, दाराची मूठ व रक्तदाबाचा पट्टा पुसणे, पुन्हा हात स्वच्छ करून नवा कागद अंथरणे, हा क्रम हातांच्या अंगवळणी पडेपर्यंत दुसरे काहीही शिकवू नये. घाणीकडून स्वच्छतेकडे जायचे आणि मध्ये मागे फिरायचे नाही, एवढे सूत्र कळले की बाकीचे आपोआप जागेवर बसते. हे सर्व घाई न करता तीन-चार मिनिटांत होते. पण ती मिनिटे आपण रुग्णांच्या वेळापत्रकात धरलेली नसतील, तर कितीही शिकवले तरी संध्याकाळी सातनंतर ते टिकणार नाही. आपल्याकडे दोन कक्ष आहेत, ही मोठी सोय आहे. एका कक्षात आपण रुग्ण तपासत असताना दुसरा तयार होऊ शकतो, मात्र तो तयार झाल्याची खूण सहायकाने केल्याशिवाय त्यात कोणालाही बसवायचे नाही.

हातांच्या स्वच्छतेविषयी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच प्रसंग आपणांस ठाऊकच असतील: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त किंवा शरीरद्रवाचा संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. यांतला पाचवा प्रसंग सर्वांत जास्त विसरला जातो, कारण रुग्ण तर निघून गेलेला असतो. अल्कोहोलचे द्रावण हातांवर 20 ते 30 सेकंद चोळावे. हात दिसण्याइतके मळलेले असतील तर साबण आणि पाण्याने 40 ते 60 सेकंद धुवावेत. हे आकडे भिंतीवर लावून फारसे साधत नाही. त्याऐवजी पोस्टर रंगाचे थोडे पाणी तळहातावर देऊन, डोळे मिटून, साबण लावल्यासारखे हात चोळायला सांगावे. अंगठा, बोटांची टोके आणि नखांच्या कडा कोऱ्या राहिलेल्या त्यांना स्वतःलाच दिसतात. हातमोजे काढण्याच्या सरावासाठी मी गुलाल कालवलेले पाणी वापरत असे. मोजे काढल्यावर मनगटावर गुलाबी डाग राहिला, तर पुन्हा.

बांगड्या, मनगटावरचे दोरे आणि वाढवलेली नखे हा नाजूक विषय आहे, पण टाळू नये. काचेच्या बांगड्यांखाली हात नीट धुतला जात नाही आणि मोजाही फाटतो. कामावर येताना त्या काढून ठेवण्यासाठी कुलूप असलेला खण द्यावा आणि ही अट कामावर घेतानाच सांगावी. सगळ्यांसमोर एखादीला टोकले की ती मुलगी काम सोडून जाते.

आणखी दोन गोष्टी आपल्या दवाखान्यात असतील तर आजच हलवाव्यात. एक, स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी. दिवसभर हात घातल्याने त्या कापसात जंतू वाढू शकतात. बोळा ऐन वेळी कोरडा घेऊन भिजवावा किंवा पाकिटबंद स्वॅब वापरावा. दुसरी, जंतुनाशकाच्या उंच भांड्यात उभा ठेवलेला चीटल फोर्सेप्स, म्हणजे निर्जंतुक वस्तू उचलण्याचा लांब चिमटा. ते द्रावण कोणी कधी बदलले हे सांगता येत नाही आणि त्यात बुडलेल्या टोकांवर सगळ्यांचा विश्वास असतो. तो ऑटोक्लेव्ह करून कोरड्या, निर्जंतुक भांड्यात ठेवावा आणि प्रत्येक पाळीला बदलावा.

---

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारा यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त ऑटोक्लेव्ह आणि हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) या दोन विषयांवर लिहितो, कारण लहान दवाखान्यांत या दोन्ही गोष्टी यंत्र आणि बाटली यांच्या भरवशावर सोडलेल्या आढळतात.

वाळलेले रक्त उपकरणावर राहिले, तर वाफ त्याच्या आतपर्यंत पोहोचेल याची खात्री देता येत नाही. म्हणून सहायकाला ऑटोक्लेव्हचे बटण शिकवण्यापूर्वी धुणे शिकवावे. चिमट्यांचे आणि कात्र्यांचे सांधे उघडून, जाड रबरी मोजे घालून, पाण्याखाली ब्रशने घासावे, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. त्यानंतर उपकरणे कोरडी करून, गुंडाळून, एकमेकांवर न रचता लावावीत. कुकरच्या जातीच्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ दिल्याशिवाय झडप बंद करू नये, कारण हवा आणि वाफ यांच्या मिश्रणात दाब बरोबर दिसतो, पण तापमान कमी राहते. गुंडाळलेल्या उपकरणांसाठी 121 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे धरावीत आणि वेळ मोजायला सुरुवात ते तापमान गाठल्यानंतरच करावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने, मापकावर 15 पौंड दाब दिसत असताना आतले तापमान 121 ऐवजी साधारण 120 अंश असते. फरक लहान आहे, पण वेळेत काटकसर करण्याचे कारण मुळीच नाही. उकळणे हा पर्याय तर नाहीच. आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते आणि बीजाणू, म्हणजे काही जिवाणूंची टणक सुप्त रूपे, 100 अंशांनाही तग धरतात.

पाकिटावर चिकटवलेल्या ऑटोक्लेव्ह टेपच्या पट्टीवर काळ्या रेषा उमटल्या म्हणजे उपकरण निर्जंतुक झाले, हा समज सहायकांइतकाच डॉक्टरांमध्येही आढळतो. ती पट्टी एवढेच सांगते की हे पाकीट यंत्रात जाऊन तापले आहे. पाकिटाच्या आत रासायनिक निर्देशक ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूच्या बीजाणूंची चाचणी जवळच्या प्रयोगशाळेच्या मदतीने करून तिची नोंद ठेवावी. बाहेर काढलेले पाकीट ओले असेल तर ते निर्जंतुक मानू नये. हा नियम तिघांनाही पाठ असावा, कारण पावसाळ्यात ओली पाकिटे कपाटात गेलेली मी पाहिली आहेत.

हायपोक्लोराइटचे गणित प्रत्यक्ष करून घ्यावे. बाटलीवर 5 टक्के लिहिले असेल, तर 1 टक्का द्रावणासाठी एक भाग औषध आणि चार भाग पाणी. बाटलीवर 10 टक्के असेल तर नऊ भाग पाणी. बाजारात दोन्ही मिळतात, म्हणून ‘एक झाकण बादलीत’ अशी सवय लागू देऊ नये. द्रावण रोज ताजे करावे, उन्हात ठेवू नये आणि करण्याची वेळ भांड्यावर लिहावी. जमिनीवर रक्त सांडले तर मोजे घालून त्यावर शोषक कागद किंवा गॉज टाकावे, कडेकडून मध्याकडे द्रावण ओतावे, निदान 10 मिनिटे थांबावे आणि मग उचलून पिवळ्या पिशवीत टाकावे. थेट फडक्याने पुसले की डाग पसरतो, एवढेच होते. धातूची उपकरणे मात्र या द्रावणात बुडवून ठेवू नयेत, ती गंजतात.

---

सातपूरची सहायक यांचे उत्तर

मी एका दवाखान्यात आपल्या सहायकांसारखेच काम करते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. वरच्या दोन्ही ज्येष्ठांनी सांगितलेले सर्व काही बरोबर आहे. परंतु ते बहुतेक वेळा आमच्याकडून नव्हे, तर डॉक्टरांच्या घाईमुळे मोडते. टाके घालून झाल्यावर सुई ट्रेमध्ये गॉजखाली तशीच राहते आणि ट्रे उचलते ती सहायक. ज्याने सुई वापरली त्यानेच ती जागेवरच पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची, हा नियम पहिल्यांदा डॉक्टरांनी पाळावा. डबा हाताच्या अंतरावर असावा आणि तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचे नाही, हे आम्हांला शिकवले जाते. पण समोर वरिष्ठ रोज टोपण लावताना दिसले, तर आम्ही कोणते शिकायचे?

दुसरे म्हणजे, सुई टोचली तर काय करायचे हे कामाच्या पहिल्या दिवशी सांगावे. जखम साबण आणि पाण्याने धुवावी, पिळू नये, त्यावर तीव्र जंतुनाशक ओतू नये आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हायला हवे. 72 तासांनंतर त्याचा उपयोग मानला जात नाही आणि ते 28 दिवस घ्यावे लागते. हे औषध जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते, रात्री कोणाला भेटायचे आणि जायला रिक्षाचे पैसे कोण देणार, हेसुद्धा लिहून ठेवलेले असावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण कित्येक जणी त्याच संकोचाने टोचलेले सांगत नाहीत. हिपॅटायटिस ‘बी’ची लस तर 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार मालकानेच द्यायची आहे, आणि प्रशिक्षणही कामावर घेताना व त्यानंतर दर वर्षी निदान एकदा द्यायचे आहे.

पिशव्यांविषयी आपल्या सहायकांच्या वतीने एक विनंती. पिवळी आणि लाल पिशवी एकमेकींना चिकटून ठेवली की घाईत चूक होणारच. रक्ताळलेला कापूस व गॉज ड्रेसिंगच्या टेबलाशी होतो, तिथे पिवळी ठेवावी. सुई काढलेली सिरिंज, नळ्या आणि हातमोजे यांसाठी लाल, फुटलेल्या अँप्यूलसाठी (औषधाच्या काचेच्या कुप्यांसाठी) निळा डबा इंजेक्शनच्या जागी ठेवावा. सिरिंजचे कागदी वेष्टन यांपैकी कशातच जात नाही, ते घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात जाते; त्यासाठी तिथेच एक साधी टोपली नसेल तर ते पिवळ्या पिशवीतच पडते.

---

इंदिरानगरचा दवाखाना

तिघांचेही मनापासून आभार. ट्रेमधील सुईचा मुद्दा मी स्वतःपुरता आजपासूनच लागू करतो. रुग्णांमधील अंतर वाढवले तर संध्याकाळी काही रुग्ण परत पाठवावे लागतील, हे दिसते आहे. तरी महिनाभर करून पाहतो. एक शंका उरते: शिकवलेले उतरले की नाही, हे मी कसे पाहावे? मी कक्षात असलो की सर्व नियम पाळले जातात. आणि रक्तदाबाच्या नोंदींतही बराच फरक पडतो. सहायकाने घेतलेला आकडा माझ्यापेक्षा वारंवार जास्त येतो.

---

निवृत्त परिचारिका, नाशिक रोड

आपण पाहू नये, त्यांनी एकमेकांना पाहावे. आठवड्यातून एकदा, गर्दीच्या वेळी, एका सहायकाने दुसऱ्याच्या पाठोपाठ राहून हात स्वच्छ करण्याचे प्रसंग किती आले आणि प्रत्यक्षात किती वेळा हात स्वच्छ झाले, एवढेच कागदावर मांडावे. नाव लिहू नये. त्या कागदावर आपल्या हातांचीही नोंद असू द्यावी. शिवाय महिन्याला हातावर चोळायचे द्रावण किती संपते ते पाहावे. रुग्ण वाढले आणि बाटल्या तेवढ्याच राहिल्या, तर विचारण्यासारखे काही उरत नाही.

---

सिन्नरचा फिजिशियन यांचे उत्तर

रक्तदाबापुरते लिहितो. आकडा जास्त येण्याचे कारण बहुधा यंत्रात नसून रुग्ण बाहेरून आल्याबरोबर पट्टा बांधण्यात असते. पाच मिनिटे शांत बसवावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा आणि मोजताना कोणीही बोलू नये. सहायक त्याच वेळी नाव-पत्ता विचारत असतात, तेवढे थांबवले तरी फरक दिसतो. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तरी आकडा जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा स्वतंत्र विकत घ्यावा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा जिन्याची चढण झाली आहे का, हे विचारायला शिकवावे.

तपासणीची तयारी करताना स्त्री रुग्णाजवळ स्त्री सहायक थांबेल, पडदा आधी ओढला जाईल आणि अंगावरचे वस्त्र जेवढे आवश्यक तेवढेच बाजूला केले जाईल, हेही याच प्रशिक्षणात घालावे. आणि खोकणारा रुग्ण दारात दिसताच त्याला मास्क देऊन खिडकीजवळच्या बाकावर बसवणे व शक्यतो आधी आत घेणे हे काम बाहेर बसणाऱ्या सहायकाचे आहे. क्षयरोगाचा विचार करता, तो रुग्ण बंद खोलीत गर्दीमध्ये अर्धा तास बसून राहिला तर नंतर कक्ष कितीही पुसला तरी ती भरपाई होत नाही. थुंकीचा नमुना घ्यायचा असल्यास तो उघड्या हवेत, इतरांपासून दूर घ्यावा, दवाखान्याच्या स्वच्छतागृहात कधीही नाही.