जावयाचे पूर्वज १६३० च्या ताफ्यातले म्हणतात, खात्री कशी करायची?

जेकार्डकाका, सोलापूर

नमस्कार. मी ३४ वर्षं इथल्या चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढले. जेकार्ड मागाची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर भरायची, मग त्यावरून कार्डं पंच व्हायची. आता निवृत्त आहे. थोरली मुलगी मॅसॅच्युसेट्समध्ये, जावई तिथलाच. नऊ वर्षांच्या नातवासाठी वॉल हँगिंग विणून घ्यायचंय, एका अंगाला आमचं घराणं, दुसऱ्या अंगाला जावयाचं.

आमची बाजू तयार आहे. गावाकडं हेळवी यायचा, सात पिढ्या घडाघडा म्हणायचा. वडिलांनी ती नावं वहीत उतरवून घेतली. पंढरपूरला उपाध्यायांच्या चोपडीत पणजोबांचं नाव मी स्वतः पाहिलंय, मोडीत.

अडलंय ते जावयाच्या बाजूला. विहीणबाईंनी पाठवलेल्या कागदावर आहे की तीन भाऊ १६३० साली विन्थ्रॉपच्या जहाजांच्या ताफ्यातून इंग्लंडहून आले. वर आडनावाचं एक कुलचिन्हही आहे. नेटवर आयती वंशावळ सापडली, अर्ध्या तासात चौदा पिढ्या. नीट बघितलं तर एक बाई १७६२ ला जन्मली आणि १७७१ ला आई झाली! एका मुलाचा जन्म एकीकडे फेब्रुवारी १६४०, दुसरीकडे फेब्रुवारी १६४१. कापड मागावरून उतरलं की नाव बदलता येत नाही. चुकीचा माणूस नातवाचा पूर्वज म्हणून विणायचा नाही मला. कसं तपासू?

चंद्रभागा

काका, विहीणबाईंनी दिलंय तेच विणा. मानानं दिलेलं आहे, पोरगं खूश होईल. चारशे वर्षांपूर्वीचं कोण बघायला जातंय?

वेशीबाहेर

काका, तुमचा हट्ट बरोबर आहे, सोडू नका. मी माझ्या भावजयीच्या माहेरचं हेच काम दोन वर्षं केलं.

१६३० पासून खाली येऊ नका, नातवापासून वर जा. एकेक पायरी कागदानं बांधायची. अमेरिकेच्या १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी, १७९० पासून, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची डोकी. म्हणजे १८५० च्या मागं जायला गावाची दप्तरं लागतात. मॅसॅच्युसेट्स म्हणजे नशीब समजा. तिथली गावं सतराव्या शतकापासून जन्म, लग्न, मृत्यू लिहीत आली, आणि बऱ्याच गावांची १८५० पर्यंतची नोंद छापील आहे, नेटवर फुकट. व्हर्जिनिया असतं तर १८६५ ला रिचमंड जळालं त्यात किती दप्तरं गेली ते आधी बघावं लागलं असतं.

तीन भावांची गोष्ट तिथं घरोघरी सांगतात, पुरावा धरू नका. कुलचिन्ह तर एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला नाही. त्या ताफ्याची पूर्ण प्रवासी यादीही शिल्लक नाही. १६२० ते १६४० मध्ये साधारण वीस हजार इंग्रज न्यू इंग्लंडला (मॅसॅच्युसेट्स त्याच भागात) उतरले. त्यातल्या १६३५ पर्यंत आलेल्यांचा एकेक करून अभ्यास बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीनं केलाय. संस्था १८४५ ची, काम चोख. आडनाव तिथं जरूर बघा, पण आडनाव जुळलं म्हणजे घराणं जुळलं असं नाही.

फेब्रुवारीच्या दोन्ही तारखा बरोबर असतील. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून त्यांचा फेब्रुवारी १६४० म्हणजे आपला १६४१. जाणकार १६४०/४१ असं लिहितात.

आणि मृत्युपत्रं वाचा! बायकांचं माहेर कळायला याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी सापडली नाही. बाप लिहून ठेवतो, अमक्याची बायको माझी मुलगी, तिला गाय आणि पितळी भांडं. लग्नानंतर हरवलेली बाई तिथं सापडते. फक्त ‘ज्युनिअर’ दिसलं की मुलगा समजू नका. गावात एकाच नावाचे दोघं असले तर धाकट्याला तसं म्हणत, नातं असो वा नसो. ‘कझिन’ पुतण्या किंवा भाचाही असू शकतो.

जेकार्डकाका, सोलापूर

चंद्रभागाताई, मानाचं म्हणाल तर जावईच आता माझ्यापेक्षा जास्त गुंतलाय. पाच रविवार व्हिडिओ कॉलवर बसलो दोघं, मुलगी मधे बसून सांगायची.

नऊ वर्षांची आई सुटली! वुस्टर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) १७८८ च्या मृत्युपत्रात लग्न झालेली मुलगी वेगळी, त्याच नावाची नात वेगळी. आत्याचं लग्न कुणीतरी भाचीला चिकटवलं होतं. आई होती आत्या, १७४७ ची. ते पान वाचताना जावई एकदम गप्प झाला. तिला दिलेल्या वस्तूंत एक चरखा आहे. मला आमची आई आठवली.

आत्याचं लग्न १७६८ चं, इथवर कागद पक्का. पण तिच्या नवऱ्याचा जन्म त्या गावात नाही. शेजारच्या दोन गावांत त्याच नावाचे दोन मुलगे, वयात एका वर्षाचा फरक. दोघांचे बाप वेगळे. आयत्या वंशावळीत त्यातला एक धरलाय, कशावरून ते नाही. ग्राफवर ती ओळ कोरी ठेवलीय.

वेशीबाहेर

आता जमिनीची खरेदीखतं काढा, तीही काउंटीच्या दप्तरात असतात. वडिलोपार्जित तुकडा विकताना ‘माझे दिवंगत वडील अमुक’ असं पुष्कळदा लिहितात. बापानं ‘प्रेमापोटी’ मुलाला दिलेली जमीनही शोधा. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर पानांचे फोटो आहेत, खातं फुकट. आधी दोन्ही मुलग्यांचे मृत्यू बघा. त्यातला एक लहानपणीच गेला असेल तर निम्मं काम तिथंच झालं. अक्षर लागलं नाही तर पान इथं टाका, मिळून वाचू.