घरातली जागा बदलली आणि सवय बदलली: आपले अनुभव लिहावेत

तापीकाठ
आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणासाठी चोपड्याजवळच्या माहेरी गेले होते. नैवेद्याच्या रोटांच्या आधी घर धुऊन काढायचे म्हणून सगळे सामान ओसरीवर आणले, तेव्हा दाराजवळची भिंतीतली देवळी कित्येक वर्षांनी रिकामी दिसली आणि तिच्या खिळ्याला लोंबणारा दोऱ्याचा तुकडाही दिसला. त्या दोऱ्याला आजोबांची पेन्सिल बांधलेली असे. शेतातून आल्यावर पाय धुऊन आत शिरताना ते देवळीतल्या वहीत मजुरी, खत, पाण्याची पाळी अशा दोन ओळी उभ्याउभ्याच लिहीत आणि मगच टोपी काढत. माझी हिशेबाची वही पुण्यात कपाटाच्या खणात असते आणि महिन्यातून दोनदाही उघडली जात नाही. आजोबा शिस्तीचे आणि मी आळशी, असेच मी आजवर समजत होते. त्या दोऱ्याकडे पाहताना वाटले की निम्मी शिस्त देवळीची असावी. आपले असे अनुभव असल्यास लिहावेत.

भुसावळचा
वडील रेल्वेत सिग्नल केबिनवर होते. तिथे सिग्नल आणि रूळ ज्यांनी हलवायचे त्या लिव्हरना रंग दिलेले असत: थांबा-सिग्नलचा लाल, रूळ बदलणाऱ्या पॉइंटचा काळा, पॉइंट जागेवर पक्का करणाऱ्या लॉकचा निळा. रुळावर गाडी उभी असली की त्या रुळाच्या सिग्नलच्या लिव्हरवर कॉलर नावाचे एक कडे अडकवायचे, म्हणजे डोक्यातून गेले तरी हात अडतो. निवृत्तीनंतर त्यांनी हेच रक्तदाबाच्या गोळ्यांना लावले. सकाळची गोळी घेतली की डबी उलटी ठेवायची आणि रात्री झोपताना आईने ती सुलटी करायची. त्यापूर्वी "घेतली की नाही" या वादात दोनदा गोळी घेण्याचा प्रकार घडला होता, तो थांबला.

खटपट्या
मी जळगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. आमच्याकडे जपानी 'फाइव्ह एस' (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या) पद्धतीने अवजारांचा फळा केला आहे. प्रत्येक पान्याची आकृती फळ्यावर रंगवलेली असल्यामुळे काय जागेवर नाही, हे न मोजता कळते. उत्साहाच्या भरात मी घरी भिंतीवर पक्कड, कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर यांच्या आकृत्या काढल्या. आईने पाहून अहिराणीत एवढेच विचारले, "घर शे का कारखाना?" परंतु आता कात्रीची जागा रिकामी दिसली की आरडाओरडा तीच सर्वांत आधी करते.

गल्ली नंबर चार
भिंतीवर लावण्याच्या प्रकाराबद्दल माझा अनुभव उलट आहे. धुळ्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना मी टेबलासमोर वेळापत्रक चिकटवले होते. आठ दिवसांनी ते भिंतीच्या रंगासारखे झाले. समोर असूनही दिसेना. खरी अडचण निराळीच होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की कूलर जिथे, तिथे घर. आमचा एकुलता एक कूलर दूरदर्शन संचाच्या खोलीत असल्यामुळे जेवण, पाहुणे, मालिका आणि माझा इतिहासाचा अभ्यास हे सर्व एकाच वाऱ्यात चाले. शेवटी संच जागचा हलवता येईना, म्हणून मीच हललो. पहाटे चारला घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, बाज आणि दिवा घेऊन जाऊ लागलो आणि ऊन चढेपर्यंत जेवढे वाचून होई, तेवढे दिवसभरात होत नसे. आजही बाजेवर बसलो की हात आपोआप पुस्तक शोधतो; झोप मात्र त्या बाजेवर येत नाही, हा तोटाच म्हणायचा.

खटपट्या
चिकटवलेला कागद दर रविवारी दुसऱ्या भिंतीवर हलवून पाहावा. कारखान्यात सूचनाफलकाचे आम्ही तेच करतो.

तापीकाठ
सर्वांचे आभार. परवा वही खणातून काढून ओट्याशेजारी टांगली आणि पेन्सिल दोऱ्याने बांधली. दूधवाल्याचा हिशेब लिहिला गेला, पहिल्या पानावर हळदीचे बोटही उमटले. पेन्सिल मात्र काल मुलाने सोडवून नेली.

भुसावळचा
दोऱ्याऐवजी तार घ्यावी.