कर्ज थकलं म्हणजे देश विकणार का?

पोटोमॅककर: कालच्या धाग्यावर एका महाशयांनी लिहिलंय, "ज्याला स्वतःचं क्रेडिट कार्ड सांभाळता येत नाही, त्याला अमेरिकी सरकारच्या गुपितांपर्यंत पोचायची परवानगी, म्हणजे क्लिअरन्स, कशाला?" वर टाळ्या! आमच्या साडूंना 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' आलंय, म्हणजे क्लिअरन्स का नाकारू नये त्याची नोटीस. बायकोचा कॅन्सर, विमा कंपनीने हात वर केले, बिलं वसुलीवाल्यांकडे गेली. हा माणूस रशियाला गुपितं विकणार?

सडेतोड: तो महाशय मीच. साडूंचं वाईट वाटतं, पण क्लिअरन्सच्या नियमांत पैशाच्या व्यवहारांची गाइडलाइन एफ उगाच नाही आली. सीआयएचा आल्ड्रिच एम्स: घटस्फोट, डोक्यावर कर्ज, १९८५ मध्ये सरळ सोव्हिएत वकिलातीत जाऊन ५० हजार डॉलर मागितले. त्याच्या फितुरीने माणसं मेली.

वहिनी_बाल्टिमोर: आणि ॲना मोंटेस? डीआयएत, म्हणजे अमेरिकी लष्करी गुप्तचर खात्यात बसून क्यूबाला माहिती पुरवली, ती विचारापायी, पैशापायी नव्हे. तुमचा एम्स तर ५ लाख ४० हजारांचं घर रोखीत घेऊन जॅग्वार फिरवत होता, पकडला १९९४ला. मधे पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणीही पास!

सडेतोड: म्हणून तर हिशेब न लागणारी श्रीमंतीही एफमध्येच येते. वाचून बोलत जा.

धनकवडीवाला: कर्जाचं राहू द्या, एसएफ-८६ मध्ये, म्हणजे क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये, पुण्याचा फ्लॅट दाखवायचा का? वडिलांबरोबर जॉइंट आहे, बिल्डर ताबा देत नाही.

वहिनी_बाल्टिमोर: दाखवायचाच. विभाग २०, परदेशातली मालमत्ता तिथेच येते.

धनकवडीवाला: ताबाच नाही तर मालमत्ता कसली?

सडेतोड: लपवा, मग खोटेपणाची गाइडलाइन ई लागेल.

धनकवडीवाला: लपवतोय कोण? हप्ते भरतोय मी, भिंती आहेत, लिफ्ट नाही! महारेराकडे जाऊ म्हटलं तर वडील म्हणतात बिल्डर ओळखीचा आहे.

पोटोमॅककर: अहो, फ्लॅटचा वेगळा धागा काढा ना!

जुना_एफएसओ: मी एफएसओ, म्हणजे कंपनीत क्लिअरन्सचं काम बघणारा सुरक्षा अधिकारी होतो. साडूंकडे वळू. कर्ज का झालं आणि नंतर तुम्ही काय केलंत, सगळं तिथे येऊन ठरतं. आजारपण, नोकरी जाणं, घटस्फोट ही कारणं ऐकून घेतात, पण पुढे जबाबदारीने वागल्याचे कागद लागतात. महिना ५० डॉलरचा का होईना, हप्ता बांधून घ्या, पावत्या ठेवा. "सात वर्षं झाली, क्रेडिट रिपोर्टवरून उडालं, आता कशाला भरू" म्हणणारे हमखास आपटतात. साडूंनी काय केलं?

पोटोमॅककर: बिलंच चुकीची आहेत. ते भांडतायत.

जुना_एफएसओ: लेखी?

पोटोमॅककर: फोनवर.

सडेतोड: वा!

पोटोमॅककर: हसा. तुमच्या घरी केमो झाली असती म्हणजे लेखी पत्रं सुचली असती. केमोचं बिल आणि वेगासची उधारी एकाच तागडीत तोलता तुम्ही.

सडेतोड: बरं बाबा, केमो आणि वेगास वेगळं. दिलं. पण शंका उरली तर निकाल देशाच्या बाजूने, हा नियम मी नाही केला. आज रात्रीच पत्र लिहायला बसवा त्यांना.

धनकवडीवाला: बिल्डरला पाठवलेली नोटीस मीही जोडू का?