डोसचं गणित: मायक्रोग्रॅमपाशी गाडी अडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) दुसऱ्या वर्षाला, राहते कळव्याला. थेंबांचं गणित जमतं: 500 मिली सलाईन 4 तासांत, सेट मिलीला 20 थेंबांचा, म्हणजे मिनिटाला 42. पण डोपामिन (रक्तदाब वाढवायचं औषध) आलं की घाम फुटतो. 200 मिलिग्रॅम, एकूण 50 मिलीत, पेशंट 60 किलोचा, ऑर्डर 5 मायक्रोग्रॅम दर किलो दर मिनिट. तळहातावर पेनाने मांडलं, उत्तर मिनिटाला 0.075 मिली. औषध सोडणारा पंप तर तासाचा आकडा मागतो! सिस्टरांनी नुसतं बघितलं, बोलल्या काहीच नाहीत (तेच जास्त लागलं). वाशीहून परतताना लोकलमध्ये पुन्हा केलं, 60 ने गुणायचं राहिलं होतं, आता तासाला 4.5 मिली येतंय. बरोबर आहे ना? आयसीयूतल्या ताईंनो, तुम्ही हे कागदावर कसं मांडता? पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे.