घराला विमा किती रकमेचा हवा? कर्ज आणि घरखर्च मोजा, मॅच्युरिटी नको

घोडबंदरवासी
विमा किती असावा, यावर ‘पगाराच्या दहापट’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. मला ते पटत नाही. पगार सारखा असला तरी एकावर कर्ज असतं, दुसऱ्यावर नसतं. माझ्या चुलत भावाचं बघा. वय ३६, ऐरोलीत आयटीत नोकरी, वहिनी सध्या घरी, मुलं ७ आणि ३ वर्षांची. कासारवडवलीच्या फ्लॅटचं ४८ लाखांचं कर्ज बाकी. विमा म्हणून १० लाखांची एन्डोमेंट (मुदत संपली की पैसे परत देणारी पॉलिसी), वर्षाला ५४ हजार हप्ता. आणि ‘विमा आहे की’ म्हणून तो निर्धास्त.

माझा हिशोब असा. तो नसला तर ईएमआय सोडून घराला महिन्याला ४५ हजार लागतील. धाकटी २३ वर्षांची होईपर्यंत २० वर्षं धरली आणि ठेवीवरचं व्याज महागाईतच जातं असं मानलं, तर १ कोटी ८ लाख. कर्ज ४८ लाख. दोघांच्या शिक्षणाला ३० लाख. एकूण १ कोटी ८६ लाख. त्यातून पीएफचे ९ लाख, ईडीएलआयचे, म्हणजे पीएफला जोडलेल्या विम्याचे ७ लाख (त्याहून जास्त मिळतच नाहीत), एफडीचे ५ लाख आणि एन्डोमेंटचे १० लाख वजा करा. तरी १ कोटी ५५ लाखांचा खड्डा उरतो. कंपनीचा ग्रुप विमा मुद्दाम धरला नाही, कारण नोकरी सुटली की तो संपतो.

हा खड्डा साध्या टर्म प्लॅननेच भरतो (माणूस गेला तरच पैसे, जगला तर काही परत नाही), तोही वयाच्या ६० पर्यंतचा. टर्मच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. तब्येत चांगली आणि तंबाखू नसेल तर हप्ता एन्डोमेंटच्या निम्म्याच्या आसपास बसतो.

नौपाड्याचा एजंट
कागदावर तुमचं बरोबर आहे. पण मी आयुष्यभर हप्ते गोळा केलेत, माणसं कशी वागतात ते मला ठाऊक आहे. टर्म घेणारा चार वर्षांनी म्हणतो, ‘काही मिळत तर नाही’, आणि हप्ता थकवतो. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तीही उलटते आणि विमा बंद पडतो. एन्डोमेंटवाला भरत राहतो, कारण पैसे परत येणार असतात. अडीनडीला पॉलिसीवर कर्ज निघतं. कळव्या-विटाव्यातल्या कितीतरी घरांत मुलीच्या लग्नाला हाच पैसा उभा राहिला. उरलेले पैसे म्युच्युअल फंडात टाकू म्हणणारे महिन्याच्या शेवटी खरंच टाकतात का, हे ज्याचं त्याने बघावं.

दुसरं, वीस वर्षं घरात एक रुपयाही येणार नाही हे गृहीतच चुकीचं. वहिनी शिकलेल्या असतील, नोकरी करतील. पाऊण कोटी पुरे.

मीनल, घणसोली
काका, ‘नोकरी करतील’ हे लिहायला सोपं आहे. माझे भावोजी गेले तेव्हा ताईचा लेक दीड वर्षाचा होता. ५ लाखांची मनीबॅक (ठरावीक वर्षांनी थोडे पैसे परत देणारी पॉलिसी) होती. दिवसकार्यासाठी घरच्यांनी ज्या खात्यात पैसे जमवले होते, त्याच खात्यातून १० तारखेला ईएमआय कापला गेला. कोणालाच ते थांबवायचं सुचलं नाही. भटजींना द्यायचे पैसे ताईने शेजारून घेतले.

कर्ज घेताना बँकेने एक विमा गळ्यात मारला होता. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला, म्हणजे त्यावरही व्याज भरलं. तो विमा कर्जाची मूळ मुदत संपेपर्यंत दरवर्षी घटत जाणारा. मध्ये व्याजदर वाढले, कर्जाची मुदत लांबली, विम्याचा तक्ता मात्र जुनाच. त्यामुळे कर्ज फिटलं, पण पूर्ण नाही. ताईला नोकरी लागायला दोन वर्षं गेली आणि पगाराचा मोठा भाग पाळणाघरात. कर्जाची रक्कम स्वतःच्या टर्ममध्येच धरा, हे मी ज्याला त्याला सांगते.

स्मिता, खारघर
पाळणाघराचा विषय निघालाच आहे तर विचारते, वहिनी घरी आहेत म्हणून त्यांचा विमा शून्य का? उद्या त्याच नसल्या तर मुलांना सांभाळायला बाई, पोळ्या-भाजीला बाई, शाळेची ने-आण, सगळं पगारी होईल. नवऱ्याला रात्रीची शिफ्ट सोडावी लागेल. नवऱ्याच्या उत्पन्नावर गृहिणीलाही टर्म देणाऱ्या कंपन्या आहेत. रक्कम मर्यादित असते, पण २५-३० लाख मिळाले तरी मुलं मोठी होईपर्यंतचा खर्च निघतो. तुमच्या एवढ्या नीट मांडलेल्या हिशोबात ही ओळच नाही.

तुर्भे एमआयडीसी
हे सगळं पगारदारांचं झालं. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आयटीआर साडेचार लाखांचा. कंपनी उत्पन्न बघूनच कव्हर देते, दीड कोटी मला कोण देणार? शिवाय यंत्रांच्या कर्जाला माझी वैयक्तिक हमी आहे. मी गेलो तर विम्याचे पैसे बँक घेईल आणि बायको बघत राहील. मग घ्यायचा कशाला? कामावरच्या पोरांना मात्र मी बँकेतून प्रधानमंत्री जीवनज्योती घ्यायला लावली आहे, वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं कव्हर. त्यांना तेवढंच परवडतं.

क्लेम विभाग, ठाणे
तुर्भेवाले दादा, तुमच्यासाठीच १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्याच्या कलम ६ खाली, म्हणजे ‘एमडब्ल्यूपी’ खाली पॉलिसी घेतली तर पैसा बायको-मुलांसाठी ट्रस्टमध्ये राहतो. कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. अपवाद एकच, त्यांना फसवण्याच्या हेतूने पॉलिसी घेतल्याचं सिद्ध झालं तर. पण हे पॉलिसी घेतानाच जोडपत्र भरून करायचं, नंतर जोडता येत नाही. लाभार्थी पुढे बदलता येत नाहीत, म्हणून नावं विचार करून द्या. आणि साडेचार लाखांवर दीड कोटी नाही मिळणार हे खरं, पण म्हणून शून्यावर राहू नका. जेवढं मिळतं तेवढं आज घ्या, आयटीआर वाढला की दुसरी पॉलिसी घ्या.

रकमेच्या या वादात फॉर्म विसरला जातो, म्हणून सांगते. ‘तंबाखूचं सेवन’ या रकान्यात मिश्री आणि गुटखाही येतो. ‘सिगारेट ओढत नाही’ म्हणून लोक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. कित्येकदा फॉर्म एजंटच भरतो आणि माणूस फक्त ओटीपी सांगतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण पहिल्या तीन वर्षांत माहिती दडवल्याचं निघालं तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती नाकारता येते. तेवढ्या दिवसांत जोडलेला फॉर्म ओळ न् ओळ वाचा.

नौपाड्याचा एजंट
ताई, फॉर्मचं बोललात ते शंभर टक्के खरं. आमच्यातले काही जण घाईत भरतात आणि भोगतं घर. पण घोडबंदरवाले, तुमच्या भावाला एन्डोमेंट मोडायला लावू नका. मध्येच सरेंडर केली तर भरल्यापेक्षा कमी हातात येईल. पुरेसे हप्ते भरून झाले असतील तर पेड-अप करायची. पुढचा हप्ता बंद, रक्कम प्रमाणात कमी होते, पण पॉलिसी मुदतीपर्यंत जिवंत राहते. पाऊण कोटीचं माझं मत मी बदलत नाही.

घोडबंदरवासी
स्मिताताई, वहिनींसाठी २५ लाखांची वेगळी टर्म हिशोबात घेतो. काका, पेड-अप मान्य, पाऊण कोटी नाही. त्यातून कर्ज फेडलं की २७ लाख उरतात, म्हणजे महिना ४५ हजारांनी पाच वर्षं. तेव्हा धाकटी तिसरीत असेल. आणि एन्डोमेंटचा हप्ता आत्ताच थांबवणार नाही. आधी टर्मची मेडिकल होऊ दे, पॉलिसी हातात येऊ दे. साखर निघाली आणि कंपनीने हप्ता वाढवला किंवा नकार दिला, तर जुने १० लाखही कमी करून बसायचं नाही.