८ जीबी रॅमच्या लॅपटॉपसाठी कोणते व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न: पाककृतींचे व्हिडिओ मी मोबाइलवर चित्रित करते. संपादनाचा अनुभव नाही आणि लॅपटॉपची रॅम ८ जीबीच आहे. दा विंची रिझॉल्व्ह शिकावे का?

उत्तर १: रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती रंगांच्या कामासाठी उत्तम असली, तरी एवढ्या रॅमवर ती अडखळेल. आपण शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्यावे. दोन्ही मुक्तस्रोत असून त्यांत प्रॉक्सीची, म्हणजे मूळ चित्रफितीच्या हलक्या प्रतीवर काम करण्याची सोय आहे आणि अंतिम व्हिडिओ मात्र मूळ फायलींवरूनच तयार होतो.

उत्तर २: सहमत. मोबाइलच्या चित्रीकरणाचा फ्रेमदर, म्हणजे दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या, अनेकदा बदलता असतो, त्यामुळे आवाज मागेपुढे होऊ शकतो (नवख्यांना हा दोष स्वतःचाच वाटतो!), शॉटकट अशी फाइल रूपांतरित करण्याचे स्वतःहून सुचवते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. शॉटकटपासूनच सुरुवात करते.