मदत हवी आहे: बी.एस्सी. मायक्रो की बायोटेक? (आणि इंग्रजीचं काय करायचं)

नमस्कार मंडळी,

भाची यंदा बारावी सायन्स झाली. गाव बार्शी. माझ्याकडे कोथरूडला राहून शिकणार, एवढंच आतापर्यंत नक्की आहे. नीटच्या मार्कांवर एमबीबीएस मिळत नाही आणि पुन्हा बसायची तिची इच्छा नाही. (कृपया "एक वर्ष ड्रॉप घ्या" म्हणू नका, ते काम तिच्या काकांनी चोख केलंय.) आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेची प्रवेश परीक्षाही दिली होती. ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे आणि हिने अकरावीलाच गणित सोडलेलं, त्यामुळे तिथेही काही जमलं नाही.

आता फर्ग्युसन, मॉडर्न, गरवारे इथे अर्ज भरतोय. मायक्रोबायोलॉजीला अनुदानित तुकडीत जागा मिळाली तर फी झेपेल. बायोटेक बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणजे फी कितीतरी पट. तिला बायोटेकच हवंय. का, तर मैत्रिणी तिकडे चालल्यात. बरं.

माझी खरी काळजी वेगळी आहे. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम. अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी, पण सर शिकवायचे मराठीतून. परवा सहज विचारलं, मायटॉसिस (पेशीविभाजन) बघायला कांद्याच्या मुळाचं टोकच का घेतात? तिने लगेच सांगितलं की तिथे पेशी सतत विभागत असतात, म्हणून सगळ्या अवस्था एकाच स्लाइडवर सापडतात. पुढे ॲसिटोकार्माइनने क्रोमोसोम कसे रंगतात तेही सांगितलं. म्हटलं, आता हेच इंग्रजीत सांग. गप्प! आकृती मात्र अशी काढली की बघत राहावं.

बी.ए., बी.कॉम.ला मराठीत पेपर लिहिता येतो, इथे लेक्चर, जर्नल, व्हायवा सगळंच इंग्रजी. तर विचारायचंय:
मराठी माध्यमातून येऊन ज्यांनी लाइफ सायन्सेस केलं, त्यांना जम बसायला किती काळ लागला? स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा का? आणि मायक्रो केलं तर पुढे बायोटेकचं दार बंद होतं का?

*

प्रतिसाद १: दार बंद होत नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम या परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर मायक्रोवाल्यांनाही देता येतो, गॅट-बी ही बायोटेकची प्रवेश परीक्षासुद्धा. ताई, अनुदानित मायक्रो मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. वाचलेले पैसे एम.एस्सी.ला लागतील.

*

प्रतिसाद २: मी लातूरकडची, झेडपीच्या शाळेतली, मायक्रो केलंय. पहिलं सेमिस्टर जड गेलं, दुसऱ्यापासून लेक्चर कळायला लागलं. बोलायला त्याहून उशीर लागला. स्पोकनच्या क्लासवर पैसे घालवू नका, तिथे "माय हॉबीज" शिकवतात. त्यापेक्षा प्रॅक्टिकल झालं की त्याच संध्याकाळी तिला तुमच्यासमोर इंग्रजीत सांगायला लावा. ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत) घ्या: आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन, आणि प्रत्येक पायरी कशासाठी. व्हायवाला नेमकं हेच विचारतात. व्याकरण चुकू द्या, परीक्षक तिकडे फारसे बघत नाहीत. आणि ॲडमिशनआधी कॉलेजात जाऊन विचारा, एका मायक्रोस्कोपमागे मुलं किती. कोर्सच्या नावापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.